येड्याचं सोंग

“...पण येड्यात एवढं अवघड काय हाय, बाबा?”

 लिंबाजीबाबा पालाच्या तोंडाशी बसून कोवळ्या उन्हात दात कोरत होते.

अंकुशने पुन्हा विचारलं. विचारताना तो हसत होता. पोलीस झाला, वकील झाला, साधू झाला, मग येडा व्हायला असं काय लागतं, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

“पोलिसाला टोपी लागती,” बाबा म्हणाले. “ज्योतिषाला पंचांग लागतं. येड्याला काय लागतं?”

“फाटका सदरा.”

बाबा दात कोरतच राहिले.

“आणि थोडी लाळ.”

बाबांनी हातातली काडी टाकून दिली. “जा तर मग,” ते म्हणाले.

दोघे बहुरूपी. गावाबाहेर पाल ठोकायचं, रोज नवं सोंग घेऊन गावात शिरायचं, लोकांना फसवायचं आणि फसवून हसवायचं, हा धंदा. अंकुश बारा वर्षं बाबांच्या हाताखाली होता आणि हाताखाली राहणं आता त्याला जड जात होतं. कारण पोरगा होताच तसा तयारीचा. या गावात पहिल्या दिवशी तो पोलीस होऊन गेला, तर पिंपळाखालचा पत्त्यांचा डाव तसाच टाकून तिघे जण उसात पळाले. दुसऱ्या दिवशी ज्योतिषी झाला, तर सरपंचीणबाईंनी एक सोडून दोन्ही हात पुढे केले. तिसऱ्या दिवशी मोजणीचा साहेब होऊन नुसती दोरी पसरली, आणि ज्यांनी ज्यांनी बांध सरकवले होते ते सगळे चहा घेऊन धावले. गाव तीन दिवस हसत होतं.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. तेरा गावं त्यांच्या हक्काची. या तेरा गावांत दुसरा बहुरूपी पाय ठेवत नसे. बाबांना मूलबाळ नव्हतं, आणि यंदा ती गावं कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. बाबांनी एकच अट घातली होती. येड्याचं सोंग नीट उभं केलं तर गावं अंकुशची, नाहीतर भावकीची.

अट ऐकून अंकुश मनात नाचला होता. त्यातून नशीबही जोरावर होतं. पहिल्या दिवशी गावात शिरतानाच त्याला वेशीवर एक माणूस दिसला होता. चाळिशीचा, मान एका खांद्यावर कललेली, पाय ओढत चालणारा, आणि येणाऱ्या प्रत्येक एसटीला हात हलवणारा. त्याला पाहताक्षणी अंकुशच्या मनात आलं होतं, सापडलं! आयतं सापडलं!

चौथ्या दिवशी तो तसाच निघाला. सदरा उलटा, एका पायात चप्पल, मान खांद्यावर, उजवा पाय ओढत. हनुवटीवर लाळ. दिसेल त्या गाडीला हात.

वेशीजवळच्या हॉटेलापाशी आला तेव्हा बाकावरची माणसं बोलायची थांबली.

अंकुशला वाटलं, फसले! त्याने आणखी जोरात पाय ओढला.

हॉटेलवाला पाठ वळवून स्टोव्हला पंप मारायला लागला. एका बाईने पोराचा दंड धरून त्याला आत ओढलं. मोजणीच्या दिवशी पोट धरून हसलेला एक म्हातारा उठला, जवळ आला आणि हळूच म्हणाला, “घरला जा, बाळ.”

बस्स, एवढंच. शिवी दिली असती तरी अंकुशला बरं वाटलं असतं.

“फसलं न्हाई गाव?” पालावर परतल्यावर बाबांनी विचारलं.

“ओळखलं त्यांनी. ओळखलं ते ओळखलं, पण हसलंबी न्हाई कुणी.”

“कुणाचं बघून केलं व्हतंस?”



“कुणाचं न्हाई. डोक्यातनं काढलं.”

बाबांनी आपले पांढुरके डोळे त्याच्याकडे वळवले. अंकुशने मान खाली घातली आणि चप्पल शोधायला लागला.

“उद्या सोंग घेऊ नगंस,” बाबा म्हणाले. “नुस्ता फीर. कोण कुणाला येडं म्हनतंय, तेवढं ऐकून ये.”

“आणि?”

“आणि काय? ऐकून ये.”

अंकुश दुसऱ्या दिवशी तोंड पाडून गेला. हे काय काम झालं? बारा वर्षं झाली तरी पोराटोरासारखं ऐकून ये म्हणे!

आणि दुपारी तो धावत आला. अक्षरशः धावत. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी त्याला भुकेची शुद्ध नव्हती.

“बाबा! अवो बाबा! ह्या गावात जो तो येडाच हाय!”

“बस. पाणी पी.”

“पाणी ऱ्हाऊ द्या! आधी ऐका!”

तो बसेना. पालापुढच्या मोकळ्या जागेत त्याने एकट्याने अख्खं गाव उभं केलं. आधी कमरेवर हात ठेवून तो चक्कीवरची बाई झाला. “‘ह्यास्नी दळण आणाया धाडलं, तर निस्ता डबा घिऊन आलं, पीठ चक्कीवरच! येडं ध्यान माझं!’ बाबा, तोंडानं येडं म्हनती, आणि पदरानं त्येच्या मिशीवरचं पीठ पुसती!”

मग तो पोरांचा मेळा झाला. क्रिकेट चाललं होतं. कुणीतरी चेंडू थेट विहिरीपल्याड मारला, आणि सगळी पोरं ओरडली, “‘येड्यागत हानलाय रं!’ बाबा, ही शाबासकी! त्या पोराची छाती अशी फुगली!”

मग तो सासरी निघालेली पोरगी झाला आणि लगेच वळून तिची बहीण झाला. “‘रडतीस काय येडे!’ असं म्हनली, आणि तीच मोठ्यानं रडाया लागली.”

हॉटेलात एकाने दुसऱ्याच्या कपात चुकून दोनदा साखर टाकली होती. “येडा हाईस का खुळा?” त्याला दुसऱ्याने विचारलं, आणि दोघांपैकी कुणालाच उत्तर नको होतं. एका म्हाताऱ्याने सत्तराव्या वर्षी बायकोसाठी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. “येड लागलंय म्हाताऱ्याला!” असं ती गल्लीभर सांगत फिरली. सांगताना हात मात्र उन्हात धरलेला होता. आणि एक आई आपल्या तान्ह्याच्या पोटावर नाक घासत म्हणत होती, “येडं गं माझं, येडं गं येडं!” ते पोर तर असं खिदळत होतं की अंकुश भिंतीआड उभा राहून स्वतःच खिदळला.

बाबा हसून हसून खोकायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

“आणि बाबा, एकाच्या तोंडाला लाळ असंल तर शपथ! एकाचा सदरा उलटा न्हाई!” अंकुशला आता धाप लागली होती. “मला गावलं सोंग! येडा म्हंजे...”

“दशरथला?” बाबांनी विचारलं.

“कोण दशरथ?”

“वेशीवरचा. गाड्यांला हात करतो त्यो. त्येला किती जनांनी येडं म्हनलं?”

अंकुशचे हात जागच्या जागी थांबले.

सकाळी अंकुश स्वतः वेशीवर तासभर उभा होता. हॉटेलवाल्याने बशीत चहा ओतून दिला होता, “दादा, घ्या.” शाळेच्या बाईंनी जाता जाता नमस्कार केला होता, “बरं आहे ना दादा?” एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं होतं, “दादा, येऊ का?”

“कुणीच न्हाई म्हनलं,” अंकुश म्हणाला.

“सगळ्या गावाला येडं म्हनत्यात. त्येलाच तेवढं न्हाई?”

“...न्हाई.”

 बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. अंकुशच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आपण काय केलं हे त्याला आता कळलं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

सहावा दिवस दारांचा. बाबांच्या घराण्यात ही रीत होती. शेवटच्या दिवशी रंग पुसायचा, स्वच्छ तोंडाने गावात जायचं, प्रत्येक दारात उभं राहायचं आणि एकेक सोंग कबूल करायचं. पोलीस आलेला, तो मीच. ज्योतिषी आलेला, तो मीच. मग घरची माणसं तोंडात बोटं घालतात, हसतात आणि सुपातून जोंधळा आणून झोळीत ओततात. एकही दार चुकवायचं नाही, एकही सोंग लपवायचं नाही. लपवलं तर ती लबाडी, असं बाबा म्हणत.

सकाळी अंकुशने तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

“बाबा, तीनच सोंगं सांगितली तर?”

“मला नीट दिसत न्हाई,” बाबा म्हणाले. “आता कमीबी ऐकू येतंय.”

अंकुश निघाला. दारोदारी तो खड्या आवाजात पोलीस सांगायचा, ज्योतिषी सांगायचा, मोजणीचा साहेब सांगायचा. चौथं सोंग मात्र तो ओठातल्या ओठात पुटपुटायचा आणि लगेच झोळी पुढे करायचा. लोक समजून घेत होते. कुणी त्याला पुन्हा विचारलं नाही. झोळी भरत गेली तसा त्याला धीर आला, आणि धीर आला तसं शेवटचं दार जवळ आलं.

ते दार वेशीवर होतं. दशरथदादा बाहेरच्या दगडावर बसले होते. त्यांची थोरली बहीण अनसाक्का सूप घेऊन उंबऱ्यात उभी होती. सुपात जोंधळा होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“पहिल्या दिवशी पोलीस आलेला,” अंकुश म्हणाला, “तो मीच.”

“व्हय का,” अनसाक्का म्हणाली.

“दुसऱ्या दिवशी ज्योतिषी. तोबी मीच. तिसऱ्या दिवशी मोजणीचा साहेब...”

 आता पुटपुटून चालणार नव्हतं, आणि गप्प राहूनही. तसं गप्प राहिलं तर बाबांना काय कळणार होतं? तेरा गावं समोर दिसत होती. त्या गावांचे पाणवठे, पिंपळ, हसणारी दारं, सगळं दिसत होतं. पण दशरथदादा त्याच्याकडे एकटक पाहत होते.

अंकुशने झोळी खाली ठेवली.

“चौथं सोंग माझं नव्हतं,” तो म्हणाला. “दशरथदादाचं बघून केलं. बाबांलाबी खोटं सांगितलं. चुकलं माझं, अक्का.”

 अनसाक्का काही म्हणणार, तेवढ्यात दगडावरून आवाज आला.

“चुकलंच.”

दशरथदादा उठले. बोलायला त्यांना वेळ लागायचा. एकेक शब्द ते शोधून आणायचे.

“पाय... चुकला,” ते म्हणाले. “तू ह्यो वडलास.” त्यांनी अंकुशच्या उजव्या मांडीवर थाप मारली. मग स्वतःच्या डाव्या. “माझा... ह्यो.”



“बघ.”

दशरथदादा अंगणात चालून दाखवायला लागले. आधी खांदा, मग कंबर, मग पाय. वळले, परत आले. आणि उभे राहिले, आता तू कर म्हणून.

“दादा, न्हाई, मी परत...”

“कर की!”

अंकुश चालला. दशरथदादांनी जोरजोरात मान हलवली. “खांदा! आधी... खांदा!” अंकुश पुन्हा चालला. त्यांनी त्याचा खांदा दोन्ही हातांनी धरून खाली दाबला आणि त्याच्या बरोबर चालायला लागले. खांदा, कंबर, पाय. खांदा, कंबर, पाय. तिसऱ्या फेरीला अंकुशच्या लक्षात आलं की आपण सोंग वगैरे सगळं विसरलोय आणि कुणाला कसे दिसतोय याचं भान आपल्याला राहिलेलं नाही. त्याला हसू फुटलं. दशरथदादाही हसायला लागले, मोठ्याने, मान मागे टाकून.

“आता... हात,” ते म्हणाले.

“हात येतो मला, दादा. असा.” अंकुशने हात हलवला.

“येडा हाईस का?” दशरथदादा म्हणाले. “असा हलवलास तर... माणूस मरंल!”

त्यांनी त्याला ओढतच रस्त्याच्या कडेला नेलं. अंकुशने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वेशीपाशी रस्ता असा वळत होता की खालून येणाऱ्या ड्रायव्हरला वरचं काही दिसत नव्हतं, आणि वरून येणाऱ्याला खालचं. दोन्हीकडचं दिसेल अशी जागा एकच होती. रोज दशरथदादा उभे असायचे ती.

खालून एसटीचा हॉर्न वाजला.

“मी करू? मी करू, दादा?” अंकुश लहान पोरासारखा नाचायला लागला आणि त्याने हात वर केला.

दशरथदादांनी तो हात हवेतच पकडला. “थांब!”

वरून उसाने लादलेला ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, डुलत, उतारावर सुसाट. अंकुशच्या नाकासमोरून धूळ उडवत तो गेला.  दशरथदादांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, परत वर पाहिलं. मग त्यांनी अंकुशचा हात सोडला.

“आता.”

अंकुशने हात हलवला. एसटी वळणावर आली. ड्रायव्हरने दादांना पाहिलं, त्यांच्या शेजारच्या नव्या माणसाला पाहिलं, दोनदा हॉर्न दिला आणि गाडी वर निघून गेली.

“गेली!” अंकुश ओरडला. “दादा, गेली! मी सोडली गाडी!”

“मी सोडली!” दशरथदादा म्हणाले.

“दोघांनी!”

“बरं... दोघांनी!”

दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि रस्त्याच्या कडेलाच फुगडीसारखी एक गिरकी घेतली. अनसाक्का उंबऱ्यात उभी होती. सूप तिने केव्हाच खाली ठेवलं होतं. तिच्या खांद्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरून आले होते.

“येडी की रं तुमी!” ती म्हणाली. “दोघंबी येडी!”

हॉटेलापाशी बसलेली माणसं चमकली. त्या घरात दशरथदादांना येडं म्हणालेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दादांनी बहिणीकडे पाहिलं. मग छाती पुढे काढून हॉटेलाकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मीबी!”

त्यावर हॉटेल असं हसलं की मोजणीच्या दिवशीही हसलं नव्हतं.

अंकुश पालावर परतला तेव्हा ऊन कललं होतं. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. हात रिकामे होते.

“झोळी?” बाबांनी विचारलं.

अंकुशने खांद्यावर हात नेला. तिथे काही नव्हतं. “ऱ्हायली. दशरथदादाच्या अंगणात.”

“सगळा जोंधळा?”

“सगळा.” त्याला तरीही हसू येत होतं. “बाबा, मी तुमाला खोटं बोललो व्हतो. सोंग डोक्यातनं नव्हतं.”

“ठावं हाय.”

“आणि ते सोंग मला येत न्हाई. पायच चुकीचा वडला. हात तर कशाला हलवायचा तेबी ठावं नव्हतं. गाडी म्हंजे अशी खालनं यायली, आणि वरनं ट्रॅक्टर! दादानं हात धरला म्हनून, न्हाईतर...”

तो सांगत सुटला. बाबा ऐकत होते. कमी ऐकू येतं म्हणणारे बाबा एक शब्द सांडू देत नव्हते. खांदा, कंबर, पाय, सगळं सांगून झालं. अनसाक्का काय म्हणाली तेही सांगून झालं, दशरथदादा काय म्हणाले तेही.



“अनसाक्का तुला येडं म्हनली, गाव हसलं. झालं सोंग उभं. तेरा गावं तुजी,” बाबा म्हणाले. “उद्यापासनं.”

अंकुशला आधी ते कळलंच नाही.  बारा वर्षं त्याने या वाक्याची वाट पाहिली होती. कळलं तेव्हा तो पुढे झाला, गुडघे टेकले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बाबांनी झटकन दोन्ही पाय उचलून घोंगडीवर मांडी घातली.

अंकुशचं कपाळ मातीपाशी थांबलं. त्याने वर पाहिलं.

“ऊठ,” बाबा वेशीकडे हात करून म्हणाले. “दार चुकलंय तुजं.”